चालचलणुकीचा दाखला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सरकारी कागदावर कुणाविषयी लिहायचं म्हणजे चांगलंच लिहायचं, एवढंच मला ठाऊक. हेडमास्तरांच्या तशा दाखल्यावरच तर मी जर्मनीपर्यंत पोचलो होतो.

लुडविग्सहाफेनला मी एका बाईंकडे भाड्याने राहत होतो. त्यांचे यजमान रशियाच्या युद्धकैदेतून परतलेले. कारखान्याचा भोंगा झाला की ते तळघरात कोळशामागे जाऊन बसत. पावाचे तुकडे माझ्या बुटांत लपवत. नोकरी कुठेच टिकली नाही. युद्धामुळे आजारी झालेल्यांना मिळणाऱ्या पेन्शनसाठी बाईंनी अर्ज केला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले, शिवाय नात्यातले नाही. घरात जे पाहता ते लिहून द्या."

मी दोन दिवस खपून लिहिलं: गृहस्थ सभ्य, निर्व्यसनी, कष्टाळू आहेत, माझी सायकल दुरुस्त करतात. तळघराचं लिहिलं नाही. ज्यांच्या घरी राहतो त्यांची लाज कागदावर कशी मांडायची? बाईंनी न वाचताच पाकीट चिकटवलं.

तपासणीला मीही सोबत गेलो. सरकारी डॉक्टरांनी यजमानांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यांच्या घराण्यात कुणी वेडं?"

"एक मावशी जरा हळवी होती," बाई म्हणाल्या.

"आल्झो!" हवं ते सापडल्यासारखे डॉक्टर खूश झाले. "प्रकृतीच मुळात कमकुवत. युद्धाचा काय संबंध? आणि तुमचा भाडेकरूच लिहितोय, कष्टाळू आहेत, सायकल दुरुस्त करतात."

"गेनाऊ, अगदी बरोबर," यजमान अभिमानाने म्हणाले. "ब्रेक मीच बसवले."

डॉक्टर हसले. मला त्या हसण्याची शिसारी आली आणि तितकीच माझ्या वळणदार अक्षराची.

"ते तळघरात बसतात," मी कसाबसा म्हणालो. "मी लिहिलं नव्हतं."

"मग विद्यार्थीसाहेब, खोटं तेव्हा लिहिलंत की आता बोलताय?"

अर्ज नामंजूर झाला. पत्र आलं त्या दिवशी बाईंनी माझा बूट टेबलावर आणून ठेवला. आत बुरशी धरलेला पाव होता.

"अपील करायचंय," त्या म्हणाल्या. "आता हे लिहा."

मी सगळं लिहिलं. अगदी यजमानांच्या कोळशाने माखलेल्या शर्टापर्यंत. अपीलही फेटाळलं गेलं. कारण एका ओळीत होतं: साक्षीदाराचे दोन जबाब जुळत नाहीत.