खांबेट्यांचा सव्वा तास

सदर इसम श्री. सलिल खांबेटे, वय वर्षे सत्तेचाळीस, लिंग पुरुष, वैवाहिक स्थिती विवाहित, शिक्षण पदवी व त्यापुढील, वास्तव्य डोंबिवली पूर्व, हे मागील सात दिवसांच्या संदर्भ कालावधीत मोबदल्याच्या कामात गुंतलेले आढळून आले असून त्यांची गणना 'रोजगारप्राप्त' व्यक्तींमध्ये, पोटवर्ग 'स्वयंरोजगार', करण्यात आली आहे. सबब ते बेरोजगार नाहीत.

हे खुद्द इसमाला मान्य नव्हतं. पण त्यासाठी सर्वेक्षणात रकाना नसतो.

खांबेटे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत परचेस ऑफिसर होते. नटबोल्टपासून क्रेनपर्यंत सगळं त्यांनी वर्षानुवर्षं घासाघीस करून घेतलं. मग कंपनीने स्वतःलाच विकलं आणि नव्या मालकांनी खर्चाची घासाघीस करताना पहिल्या फेरीत खांबेट्यांना काढलं.

डोंबिवलीत सहसा कोणी बेकार होत नाही. माणूस व्हीआरएस घेतो, ब्रेक घेतो, मुलीच्या दहावीसाठी थांबतो. खांबेट्यांनी काय घ्यायचं ते त्यांच्या पत्नीने, देवयानीने, ठरवलं. नोकरी गेली त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तराताई जिन्यात भेटल्या आणि "आज हे घरी कसे?" म्हणाल्या. देवयानी म्हणाली, "कन्सल्टन्सी सुरू केलीय ना!" इतक्या कमी भांडवलात दुसरा व्यवसाय उभा राहिलेला नसेल.

धंदा जोरात चालला. लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट, गणपतीचा मांडव, उत्तराताईंचा फ्रीज, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची कवळी. भाव पाडायचा असला की खांबेट्यांना हाक. फी म्हणून चहा मिळे. कवळीच्या वेळी खारी पण होती.

असे अकरा महिने गेले आणि मग अडचण आली. खांबेट्यांना खरोखरची नोकरी मिळायला लागली.

तानाजी पूर्वी त्यांच्या हाताखाली स्टोअरमध्ये होता. आता तो टिटवाळ्याला, नव्या इमारतींना टाइल्स आणि कमोड पुरवणाऱ्या एका माणसाचं गोदाम सांभाळत होता. मालक दुसरं गोदाम काढत होता आणि त्यावर माणूस हवा होता. पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी, पण महिन्याच्या महिन्याला.

"साहेब, शुक्रवारपर्यंत सांगा," तानाजी फोनवर म्हणाला. "मालक थांबायचा नाय. कमोड मोजायची लाज नसेल तर या."

खांबेट्यांना लाज नव्हती. घरात ते खातं देवयानीकडे होतं.

"उत्तराताईंना काय सांगू?" ती म्हणाली. "कन्सल्टंट होता, बढती मिळून गोदामात गेला?"

"नोकरी लागली म्हणून सांग."

"लागली म्हटलं की गेली कधी होती, ते विचारतील."

 

बुधवारी सरकारी सर्वेक्षणाची मुलगी आली. नाव प्राची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. हल्ली ओळखपत्र दाखवणाऱ्या माणसाचा जास्त संशय येतो, म्हणून वॉचमनने तिला खालीच अडवून उत्तराताईंना बोलावलं. उत्तराताईंनी ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, तिला स्वतः वर आणलं आणि त्या खांबेट्यांच्या सोफ्यावर बसल्या.

"ही माहिती गोपनीय असते," प्राची अदबीने म्हणाली.

"असायलाच हवी. बोला तुम्ही," असं म्हणून उत्तराताईंनी पाय वर घेतले.

खांबेट्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर सरकार, शेजारी उत्तराताई. एकदा खरं बोलून टाकलं की संध्याकाळपर्यंत चारही विंगना कळेल, लपवायला काही उरणार नाही, आणि शुक्रवारी टिटवाळ्याला जायला आपण मोकळे.

"सर, तुम्ही काय करता?"

"बेकार आहे," खांबेटे म्हणाले. शब्द बऱ्यापैकी मोठ्याने निघाला.

"चेष्टा करतोय तो," स्वयंपाकघरातून देवयानी म्हणाली. "कन्सल्टन्सी लिही गं."

"मॅडम, तसं नाही लिहिता येत, विचारावं लागतं. सर, मागच्या सात दिवसांत पैशासाठी एक तास तरी काही काम केलंत?"

"नाही."

"नीट आठवा."

"आठवायला काय आहे त्यात? लिहा बेरोजगार."

"अहो, सरकारशी खोटं काय बोलताय!" उत्तराताई सरसावून बसल्या. "रविवारी कल्याणला माझ्या क्षिप्राच्या लग्नाच्या साड्यांचा भाव कोणी पाडला? मी पाकीट दिलं की नाही? पाचशे एक!"

"ते तुम्ही प्रेमाने दिलंत."

"प्रेमाने मी माझ्या दिराला एकावन्नच्या वर देत नाही. कामाचे दिले."

प्राचीने टॅबवरून मान वर केली. "किती वेळ लागला?"

"सव्वा तास. दुकानदार रडायचा बाकी होता."

"म्हणजे झालं," प्राची म्हणाली.

"काय झालं?" खांबेट्यांचा आवाज चढला. "सव्वा तास साड्या बघितल्या म्हणून मला काम आहे? आणि मी नोकरी शोधतोय, त्याचं काय?"

"व्याख्या तशी आहे, सर. आठवड्यात कुठल्याही दिवशी एक तास पुरतो. ज्याला काम आहे तो शोधत असला तरी बेरोजगारांत धरत नाहीत." मग तिला बहुधा वाईट वाटलं. "मी पुढच्या महिन्यात परत येणार आहे. तेव्हा बघू."

"चहा घेऊन जा," देवयानी बाहेर येत म्हणाली. इतक्या प्रसन्न चेहऱ्याने तिने नवऱ्याच्या नोकरीबद्दल बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी चारही विंगना कळलं, पण कळलं ते हे की खांबेट्यांच्या कन्सल्टन्सीची केंद्र सरकारने नोंद घेतली. कवळीवाल्या आजोबांनी येऊन हस्तांदोलन केलं. उत्तराताई शुक्रवारी दुपारी केटररची तीन कोटेशनं घेऊन हजर झाल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, काय ठरलं?"

देवयानी दारात उभी होती. उत्तराताईंनी कोटेशनवरची नजर काढून कान इकडे लावला होता.

"मी जरा एका असाइनमेंटमध्ये आहे," खांबेटे म्हणाले.

"कशात? दवाखान्यात आहात का?"

"नाही रे. बरा आहे मी."

"मग येताय ना?"

खांबेट्यांनी सोफ्याकडे पाहिलं. "तू दुसरा बघ," ते म्हणाले, आणि वरचं कोटेशन उचलून पनीरचा भाव वाचू लागले.

महिन्याभराने देशाचे आकडे आले. बेरोजगारी किंचित घटली होती. टीव्हीवर एक तज्ज्ञ हे गुंतवणुकीमुळे म्हणाले, दुसरे पावसापाण्यामुळे. साड्यांचा उल्लेख कोणी केला नाही.

टिटवाळ्याच्या गोदामावर तानाजीचा मेव्हणा लागला. खांबेटे घरीच असतात.