आम्ही दोघं जाणार, असं मी म्हणून गेलो

आफ्रिकेहून चार वर्षांनी रजेवर आलो, त्याच्या दुसऱ्याच रविवारी ठाण्याच्या आमच्या चर्चमध्ये मी भरल्या मंडळीसमोर सांगून टाकलं, की पुढच्या खेपेला आम्ही नवरा-बायको दोघंही जाणार. उपासनेत टाळ्या वाजवायची आमच्यात पद्धत नाही, पण ‘आमेन’ असं दणदणीत झालं की मी स्वतःच दचकलो. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर माझी बायको बसली होती. ती तेवढी आमेन म्हणाली नाही. कारण ही बातमी तिला मंडळीबरोबरच कळत होती.

माझा तसा बेत नव्हता. पाळकसाहेबांनी तिकडच्या सेवेचं वृत्त सांगायला दहा मिनिटं दिली होती. मंडळीला सिंह हवे होते. मी सिंह एकदाच पाहिला होता, तोही आगगाडीच्या खिडकीतून, आणि तो झोपलेला होता. बाकी मी तिकडे केलं काय, तर डोंगरावरच्या मिशन शाळेत मुलांना अंकगणित आणि शास्त्रपाठ शिकवले. आफ्रिका म्हणजे ऊन, असं मला ठाण्यात सगळ्यांनी सांगितलेलं, म्हणून मी ट्रंकभर मलमलचे सदरे नेले आणि पहिले तीन महिने घोंगडं पांघरून पाढे घेतले. शिवाय त्या भागात हिंदी माणूस म्हणजे दुकानदार. त्यामुळे मुलांचे आईबाप दारात यायचे ते मीठ आणि घासलेट मागायला. प्रभूची सेवा करायला गेलेल्या माणसाने गावाची पहिली सेवा केली ती खरं दुकान कुठे आहे ते दाखवायची.

हे सगळं मी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मंडळी चुळबुळायला लागली. मग मी मला खरोखर सलणारी गोष्ट काढली. शाळेत मुलगे भरपूर, मुलगी एकही नाही. गावातल्या बाया तोंडावर म्हणायच्या, “मास्तर, तुम्ही तुमची बायको घरी ठेवून आलात. मग आम्ही आमच्या मुली तुमच्याकडे का धाडाव्या?” सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या म्हणून ही मागे राहिली होती. त्या गेल्या वर्षी वारल्या. हे सांगताना मंडळीची चुळबूळ थांबली, मागच्या बाकांवरची माणसंही पुढे झुकून ऐकू लागली. माझं बोलणं कोणी इतकं मन लावून ऐकावं, याची मला सवय नाही. त्या भरात ते वाक्य तोंडून निघून गेलं.

कोपरीला घरी परतताना ही एवढंच म्हणाली, “छत्री नीट धरा, माझ्या खांद्याला ऊन लागतंय.”

मी तिच्याकडून काय मागून बसलो होतो, ते मला ठाऊक होतं. इथल्या मिशन शाळेतला बालवर्ग तिने बारा वर्षांत उभा केला होता. मिठागरावर राबणाऱ्या घरांतून एकेक पोर हाताला धरून आणलेलं. आया म्हणायच्या, “बाई, पोर शालंत गेलं तं धाकल्याला कोन बघल?” तर ही धाकट्यालाही उचलून आणायची. असा वर्ग सोडून परक्या मुलखात चल म्हणायचं, तर निदान आधी तिला म्हणायला हवं होतं. आणि आता विचारावं तरी पंचाईत. ती नाही म्हणाली तर? आणि मंडळीसमोर बोलल्यामुळे नाइलाजाने हो म्हणाली, तर ते त्याहून वाईट. म्हणून मी विचारलंच नाही.

मंडळी मात्र कामाला लागली. आमच्याकडे कोणी सेवेसाठी परदेशी निघालं, की महिला सभा त्याच्यासाठी गोधडी शिवते. प्रत्येक घरातून जुन्या लुगड्याचा एक तुकडा येतो. महिला सभेची चिटणीस माझीच बायको. त्यामुळे स्वतःच्या निरोपाच्या गोधडीसाठी घरोघर तुकडे मागत फिरायची वेळ तिच्यावरच आली. तुकडे जमायला दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा बायका सुया घेऊन बसल्या. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून.

“इतक्या उन्हाच्या देशात गोधडी कशाला गं?” एकीने विचारलं.

“आमच्या यांना विचारा. चार वर्षं कुडकुडत होते.”

कल्याणहून माझी आत्या मुद्दाम आली होती. ती म्हणाली, “नवरा जाईल तिथे आपण जायचं, सूनबाई. कुणी विचारलं तर हो म्हणून मोकळं व्हायचं.”

“म्हणेन की. पण आत्या, अजून कुणी विचारलेलंच नाही.”

बाहेर हशा पिकला. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्या आठवड्यात जेवताना ती अधूनमधून मला प्रश्न टाकायची.

“तिकडे तांदूळ मिळतो?”

“मिळतो. पण ते लोक मक्याची उकड खातात.”

“मुली साधारण किती वयाच्या?”

“अगं, मुली नाहीतच. तेच तर मी—”

“नसलेल्या किती वयाच्या, ते विचारतेय.”

हा मला सरळसरळ टोमणा वाटला. शुक्रवारी ती शाळेतून उशिरा आली, थेट चुलीशी जाऊन बसली, आणि माझी खात्रीच पटली, की हिचा जीव बालवर्गात अडकलाय. शनिवारभर मी बेचैन होतो. संध्याकाळपर्यंत माझा निश्चय झाला. ज्या तोंडाने चूक केली, त्याच तोंडाने ती निस्तरायची.

रविवारी मंडळीच्या जाहिराती, म्हणजे आठवड्याच्या सूचना, वाचून झाल्यावर मी हात वर केला आणि उभा राहिलो. म्हणालो, की मागे मी बायकोला न विचारता बोललो, तो माझा अपराध. तिचं काम इथे आहे. आम्ही जाणार नाही, मी एकटाही जाणार नाही, मिशनच्या कमिटीने दुसरा माणूस बघावा. या खेपेला कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घसा खाकरून गीत सांगितलं. मी खाली बसलो तो मात्र मोठ्या समाधानात. इतकी नम्रता आपल्यात आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं.

घरी आल्यावर ती चपला काढून तांब्याभर पाणी प्यायली आणि मग माझ्याकडे वळली.

“मी येणार नाही असं मी कधी म्हटलं हो? तुम्ही विचाराल, तुम्ही विचाराल म्हणून तीन आठवडे वाट बघितली. शेवटी शुक्रवारी शाळेत जाऊन वर्ग सोडते म्हणून सांगूनही आले. आता पुढच्या रविवारी बोलायला मी उभी राहणार. तुम्ही बाकावर बसायचं, आणि तोंड उघडायचं ते फक्त गीत म्हणायला.”