लेण्यांतले आमचे रविवार

लेणी बघायला जाणाऱ्या माणसाकडे फोटो साठतात, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे किस्से साठले. फोटो मोबाइल बदलला की जातात, किस्से जात नाहीत. आणि गंमत म्हणजे हसत हसत सांगायला घेतलेला किस्सा संपेपर्यंत तोंड कडू झालेलं असतं.

आमचा ग्रुप चौघांचा. गायकवाड सर, उल्हासनगरच्या एका शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. वंदना, तिथल्याच कॅम्प दोनमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग बघते. भोईरकाका, बदलापूरजवळच्या गावातले आगरी, थोडी शेती आणि थोडा जमिनींचा व्यवहार. आणि मी प्रकाश, अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या मेन्टेनन्सला. अंबरनाथच्या आमच्या विहाराच्या वरच्या खोलीत सर रविवारी शिकवायचे, आणि महिन्यातून एकदा लेणी बघायला न्यायचे.

सरांनी आम्हाला सगळी घराणी एका दमात पाठ करून दिली होती. "मौर्य म्हणजे दगडाची चकाकी. सातवाहन म्हणजे तोरणं आणि डोंगरातले चैत्य. कुषाण म्हणजे मूर्ती. वाकाटक म्हणजे रंग. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं मी बघतो."

*

पहिल्याच ट्रिपची गोष्ट. एका चैत्यगृहात आम्ही उभे होतो. एक फॅमिली आली. नवरा, बायको, सासूबाई, हातात चिप्सची पाकिटं. दारातच त्यांनी चपला काढल्या. सरांना एवढं बरं वाटलं की त्यांनी स्वतःहून समजावून सांगायला घेतलं.

हा स्तूप. सातवाहनांच्या काळातला. त्या वेळी बुद्धांची मूर्ती करत नसत. कुठे झाड, कुठे चक्र, कुठे पावलं, कुठे हा असा स्तूप. राजाने एकट्याने नाही, व्यापाऱ्यांनी, सुतारांनी, बायकांनी थोडं थोडं देऊन हे कोरून घेतलं. वीस मिनिटं सर बोलत होते. खांब दाखवले, छताच्या लाकडी कमानींची नक्कल दाखवली.

नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बायकोकडे वळून म्हणाला, "म्हणजे आत देव नाहीच आहे. उगाच चपला काढल्या."

*

विहाराच्या हॉलमध्ये एक मोठा उठावशिल्पाचा फलक लावायचा ठरला. सरांच्या डोक्यात पक्कं होतं काय हवं ते. जुन्या शिल्पात असतं तसं रिकामं सिंहासन, मागे बोधिवृक्ष, खाली दोन पावलं, बाजूला हात जोडलेली माणसं. बुद्ध आहेत, पण दिसत नाहीत.

कॅम्प दोनमध्ये हरेशभाई म्हणून एक सिंधी गृहस्थ फायबरच्या मूर्ती करतात. गणपती, साईबाबा, झुलेलाल, सगळे एकाच शेडमध्ये वाळत असतात. सर त्यांच्याकडे चार वेळा गेले. फोटो दिले, मापं दिली. वंदनाने तर कारखान्यात पॅटर्न काढतात तसं जाड कागदावर अख्खं चित्र कापून दिलं.

सर गप्पांमध्ये त्यांना म्हणाले, "हरेशभाई, तुमच्या सिंधमध्येपण फार जुने स्तूप आहेत, ठाऊक आहे का?"

हरेशभाई ब्रश धुत होते. मान वर न करता म्हणाले, "साईं, वहाँ का मत बताओ. जो छूट गया सो छूट गया. माझ्या बाबांनी कधी नाव नाय काढलं."

सरांनी मापांचा कागद पुढे सरकवला.

महिन्याने टेम्पो विहारासमोर आला. गोणपाट काढलं. झाड सुंदर होतं, पावलं सुंदर होती. आणि सिंहासनावर, सोनेरी रंगात, मांडी घालून भगवान बुद्ध बसले होते.

हरेशभाई खुशीत होते. "साईं, खुर्ची खाली, एकदम रिकामी दिसत होती. मला बरोबर नाय वाटलं. मी आपल्याकडून फ्री बसवला."

आम्ही परत न्यायला सांगणार, तोवर कमिटीचे लोक खाली आले. सगळ्यांनी हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, "एकदम मस्त झालंय, सर. तुमचं ते रिकामं कोणाला कळलं असतं?"

तो फलक आजही तिथेच आहे. सर त्याच्याकडे पाठ करून शिकवायचे.

*

सरांच्या रिटायरमेंटचा किस्सा त्यांनी स्वतः कधी सांगितला नाही. मी त्या कार्यक्रमाला हजर होतो, म्हणून मला ठाऊक.

शाळेचे एक ट्रस्टी भाषणाला उभे राहिले. चांगलं बोलत होते. सरांनी कधी रजा घेतली नाही, सरांचा फळा बघण्यासारखा असायचा, वगैरे. शेवटी म्हणाले, "मौर्य, सातवाहन, स्तूप, लेणी... गायकवाड सरांनी त्यांच्या समाजाचा इतिहास फार तळमळीने शिकवला."

टाळ्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला. उत्तराला सर उभे राहिले. माईक हातात घेतला.

"मी सगळ्यांना शिकवलं," ते म्हणाले. "सातवाहन माझ्या समाजाचे नव्हते, साहेब. अभ्यासक्रमात होते."

कोणालाच टाळी वाजवावी की नाही ते कळलं नाही. मग चहा आला.

*

भोईरकाका आमच्यात आले ते एका दगडामुळे.

त्यांच्या शेताच्या बांधावर एक दगड होता. हातभर उंच, वर गोल घुमट, खाली नक्षीची पट्टी. त्यांची आई त्याच्यावर कपडे आपटायची. कोणीतरी त्यांना सरांचं नाव सांगितलं, आणि ते मोबाइलवर फोटो घेऊन विहारात आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतावर. सरांनी गुडघे टेकून दगडावरची माती रुमालाने पुसली. "छोटा स्तूप आहे," ते म्हणाले. "कोणीतरी नवस फेडायला, पुण्य म्हणून दिलेला. कुठून आला देव जाणे." सर एरवी देव जाणे म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून काका दर रविवारी यायला लागले. सगळ्यात पुढे बसायचे. वही घातली. आपल्या शेतात हजार दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी येऊन गेलं, या गोष्टीने ते हरखून गेले होते.

मग सर म्हणाले, सरकारी खात्याला कळवू या. काकांचा चेहरा पडला.

"कळवू नका, सर. उद्या बोर्ड लावतील. मंग बांधाला हात लावाया नाय, विकाया नाय. एक पोरगी लग्नाची हाय माझी."

"काका, दगड फक्त तुमचा नाही."

"जमीन तर माझीच हाय ना?"

वंदनाने मधला मार्ग काढला. आठवडाभर कोणी काही करायचं नाही, सगळ्यांनी विचार करायचा. सर कबूल झाले. काकांनी सरांचा हात हातात घेऊन शब्द दिला, "दगड हाय तिथंच राहील."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. दगड होता तिथंच होता. त्याला अंगभर शेंदूर फासला होता. चांदीचे दोन डोळे चिकटवले होते. वर पत्र्याची शेड, समोर अगरबत्ती, आणि काकांची चुलती नारळांची पिशवी घेऊन बसलेली.

सरांनी काकांकडे वळून बघितलं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत.

"आता कोन हात नाय लावनार, सर," ते म्हणाले. "सरकार नाय, बिल्डर नाय. आनि तुमीबी नाय."

त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत. रस्त्यात भेटले की थांबतात, सरांची तब्येत विचारतात.

*

बदलापूरला एका बिल्डरला आपल्या कॉम्प्लेक्सला 'हेरिटेज लूक' द्यायचा होता. तीन विंग, मौर्य, सातवाहन आणि वाकाटक. त्याला सरांचं नाव मिळालं. सर हरखले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना त्या विषयातलं काही विचारायला गाडी पाठवली होती. त्यांनी गेटसाठी चैत्याची पिंपळपानासारखी कमान काढून दिली, जाळीचं डिझाइन दिलं, नावांची अक्षरं कशी असावीत तेही दिलं. काही घेतलं नाही. सातवाहन आणि वाकाटक या दोन विंग उभ्या राहिल्या, तेव्हा सरांनी आम्हाला मुद्दाम नेऊन ती कमान दाखवली. कमान खरंच छान झाली होती.

वंदना तेव्हा भाड्याची जागा शोधत होती. ती आणि तिची आई, दोघीच. तिला ती कमान फार आवडली होती. एजंटने सातवाहन विंगमधला वन बीएचके दाखवला. किचनच्या खिडकीतून डोंगर दिसत होता. आईने भांडी कुठे लावायची तेही ठरवून टाकलं.

खाली आल्यावर एजंटने डायरी काढली. "मॅडम, पूर्ण नाव?"

"वंदना कांबळे."

त्याने लिहिलं नाही. पेन तसंच धरून बाजूला गेला, फोनवर बोलला, परत आला. "ओनरने कालच कोणाला तरी शब्द दिलाय म्हणे. मला आत्ता कळलं."

"मग वाकाटकमध्ये आहे का एखादा?"

तो पुन्हा बाजूला गेला. पुन्हा आला. "तिथेही नाही म्हणाले, मॅडम. वाईट वाटून घेऊ नका, मी स्वतः असलं काही मानत नाही. मौर्यमध्ये बघू या का? पण ती विंग अजून बांधायचीय."

वंदनाने हे सगळं रविवारी वर्गात सांगितलं, अगदी हसत. एजंटची नक्कलपण केली. मी हसलो. सर खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड करून उभे होते.

"यज्ञ करणारे राजे होते, सातवाहनही आणि वाकाटकही," ते म्हणाले. "त्यांच्या राज्यात भिक्खूंना राहायला जागा मिळायची."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

एका लेण्यात, नाव नको, डाव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतली दीड ओळ होती. वंदना ब्राह्मी शिकली ती त्या ओळीवर. सर बोट फिरवून सांगायचे, "हे अधिकच्या खुणेसारखं, हा क. नुसतं गोल, हा ठ." तीन रविवारांत तिने ती ओळ स्वतःच्या स्वतः लावली. एका लोहाराच्या बायकोने दिलेलं दान, एवढाच मजकूर. त्या दिवशी तिने आम्हाला सगळ्यांना वडापाव दिला.

नंतर त्या भिंतीवर कोणीतरी ऑइल पेंटने नावं लिहिली. बदाम, बाण, सगळं. दोन बदाम त्या ओळीला खेटून.

आमच्याच वस्तीतल्या एका मंडळाने स्वच्छता मोहीम काढली. चांगली माणसं. त्यांचा प्रमुख मला एमआयडीसीच्या नाक्यावर भेटला. "दादा, तुम्ही केमिकलमधले. दगडावरचा पेंट कशाने निघेल?"

मला विचारलं, याचंच मला बरं वाटलं. आमच्याकडे पाइप साफ करायला एक अ‍ॅसिड असतं. कॅनमध्ये थोडं उरलं होतं, ते मी दिलं. सांगितलं, थेंब थेंब टाका, लगेच भरपूर पाणी मारा. अक्षरांपासून लांब राहा, हे सांगितलं की नाही, ते मला आता आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

मोहिमेच्या रविवारी माझी ड्यूटी होती. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, आधीची भिंत, नंतरची भिंत. पेंट गेला होता. मी अंगठा टाकला. सरांनी जोडलेले हात टाकले. मंडळाचा आभाराचा मेसेज आला, त्यात खाली लिहिलं होतं, विशेष सहकार्य, प्रकाशदादा.

वंदनाचा फोन आला. "दादा, डाव्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो कोणाकडे आहे का?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. भिंत स्वच्छ होती. दगड आधीच ठिसूळ झालेला, त्यावर अ‍ॅसिड, त्यावर तारेचा ब्रश. वरचा थर सोलल्यासारखा निघाला होता. ओळीचं पहिलं अक्षर शाबूत होतं. पुढे काही नव्हतं. सर बाहेर जाऊन पायरीवर बसले.

वंदनाने वही काढली. त्यात तिने ती ओळ उतरवलेली होती. तिने वही उघडली नाही. भिंतीवर बोट ठेवलं आणि जिथे जे अक्षर होतं तिथे बोट नेत अख्खी ओळ वाचली. सावकाश, सर वाचायचे तशी.

तेवढ्यात दोन बायका आत आल्या होत्या. एक जवळ येऊन बघायला लागली. तिने भिंतीवर हात फिरवला, मोबाइलचा टॉर्च मारला.

"ताई, तुम्ही वाचताय, पण पहिल्या अक्षरापुढे तर काहीच नाहीये," ती म्हणाली. "कुठे गेलं?"

वंदना माझ्याकडे वळली.

"दादा, तुम्ही सांगता का यांना?"