तिसऱ्यांदा गेलेला गॅस

एसीतला गॅस तिसऱ्यांदा गेला तेव्हा संशय मेकॅनिकवर आला. खरं तर दुसऱ्या वेळीच आला होता, फक्त कुणी बोललं नव्हतं.

घर धाकटी डहाणूत, खाडीच्या अंगाला. एसी चैनीसाठी घेतलेला नव्हता. वडिलांची हयात होडीवर गेली. आता फुप्फुसं साथ देत नाहीत. दमट उकाड्यात त्यांना आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसून राहतात. खोली गार असली तरच झोप लागते.

मेकॅनिक डहाणू रोडहून यायचा. दोन्ही वेळा त्याने गॅस भरला, खोली गार झाली, तो गेला. काही आठवड्यांत आतल्या जाळीवर बर्फ धरला आणि खोली पुन्हा तापली.

"जाताना नट ढिला करून जातो," धाकटा भाऊ म्हणाला. "म्हणजे आपण परत बोलावणार."

मला ते पटलं. या वेळी त्याला आगाऊ सांगायचं नाही, असं ठरलं. भावाने त्याला स्टेशनजवळच्या दुकानातून थेट मोटारसायकलवर बसवून आणलं. आईलाही सांगितलं नव्हतं. त्याच्या हातांवर नजर ठेवायची, एवढाच बेत.

त्याने आतल्या जोडांना साबणाचा फेस लावला. गळती असेल तिथे बुडबुडे येतात, आले नाहीत. भाऊ त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता.

"भाऊ, उजेड सोडा जरा. का तुम्हीच करताय?"

मग तो मागच्या गॅलरीत गेला आणि थांबला. बाहेरच्या युनिटसमोर आडवी काठी होती. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं युनिटला, तांब्याचे पाइप जोडतात नेमकं तिथे बांधलेलं. काठीवर खारवलेली मुशी मासळी वाळत होती. मिठाचं पाणी काठीवरून ओघळून जोडावर ठिबकत होतं. जोड हिरवा पडला होता. फेस लावताच तिथे बुडबुडे आले.

आई लगबगीने आली. "माणूस येणार ते सांगायचं नाही? काढून, धुऊन ठेवलं असतं."

"मागे दोन वेळा धुतलं होतं काय, मावशी?"

"मग? परक्या माणसाला दारात मुशीचा वास देऊ?"

आभाळ आलं की आई मुशी तिथे लावायची. युनिटच्या पंख्याचा गरम वारा फुकट जातो, हे तिला बघवत नव्हतं. आम्ही ती काठी रोज पाहत होतो.

"तू आधी का नाही शोधलंस?" भावाने मेकॅनिकला विचारलं.

"शोधायला अर्धा दिवस जातो. तुम्हीच म्हणालात, आधी थंड कर, काका बसून आहेत."

ते खरं होतं. पण गॅस भरायची नळी त्या जोडाशेजारीच लागते. हिरवा रंग त्याला दिसला नसेल, हे मला आजही पटत नाही.

त्याने खराब तुकडा कापला, नवा जोडला, पुन्हा फेस लावून पाहिला, गॅस भरला. तो गेल्यावर भावाने प्रत्येक नट स्वतः आवळून पाहिला.

आई खोलीच्या दारात उभी होती. "मला न सांगता त्याला पकडायला निघालात. पकडलंत मला."



"ते भांडण बाहेर करा आणि दार लावा," वडील आतून म्हणाले. "गार सगळं बाहेर चाललंय."

ते आडवे झाले होते.