डेल सारेला तीन दिवस घराबाहेर राहिला

थंडर बे या सरोवराकाठच्या गावात मी बावीस वर्षं शाळेची बस चालवली. पायरी चढणाऱ्या मुलाचे हातमोजे पाहिले की मला त्याचं घर कळायचं. कुणाचे कालच्या बर्फानं ओलेच असत, कुणाचा एकच असे. ब्रिट सारेलाचे मात्र रोज कोरडे आणि कोमट. निघण्याआधी तिचा बाप, डेल, ते हीटरवर ठेवायचा.

डेल आमचा शेजारी. पूर्वी गोदीत वेल्डर होता. त्याची बायको मॉरीन धान्याच्या जहाजावर अधिकारी. मार्चअखेर सरोवराचं बर्फ फुटलं की ती जायची, ती जानेवारीत जहाजं बंद होईपर्यंत. मधे जेमतेम दोन-तीनदा घरी यायची. ब्रिट वर्षाची झाली तेव्हा दोघांनी ठरवलं, एकानं घरी राहायचं. डेलनं काम सोडलं. त्याला आता आठ वर्षं होऊन गेली होती आणि ब्रिटच्या पाठीवर लिनी आली होती, अडीच वर्षांची.

गाव काही त्याला सोडत नसे. कॉफीच्या दुकानात माझा नवरा रसच सुरुवात करायचा, "काय डेल, आज स्वयंपाकाला काय?"

"मटारचं सूप. घरी कुणी वाढत नसेल तर ये."

लोक हसायचे, तोही हसायचा. पण त्या घरात काय चालायचं ते मला दिसत होतं. न्याहारीच्या वेळी तो लिनीला सरोवरांच्या नकाशापुढे उचलून धरायचा आणि आई आज कुठं पोचली तिथं तिला टाचणी टोचायला लावायचा. ब्रिटनं काही मागितलं, मैत्रिणीकडे राहायला जाऊ का, केस कापू का, की म्हणायचा, "आईला विचारू." फोन लागेपर्यंत कधी दोन दिवस जायचे.

मी एकदा म्हटलं, "अरे, उत्तर तर तुला माहीत असतं!"

"मला असतं गं, ग्लेन्डा. पण आईला विचारायचं असतं, ही सवय मोडायला नको."

त्या वर्षी जानेवारीत मॉरीन अकरा आठवड्यांनी घरी आली, आणि लिनी बापाच्या पायामागे लपली. एक दिवस झाला, चार झाले. आईनं भरवलेला घास ती तोंडातून काढून टाकायची. पाचव्या दिवशी मॉरीन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "माझंच घर, आणि मी पाहुणी," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डेलनं रसकडे गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपी मागितली, तीन दिवसांसाठी.

"सुटलास बाबा एकदाचा!" रस म्हणाला. दुकानात तर टाळ्याच पडल्या. मलाही राग आला. बायको रडकुंडीला आलेली आणि हा मासे धरायला निघाला!

पहिल्या दिवशी लिनीचं रडणं आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं. मॉरीननं त्याला फोन केला. मी तिथंच होते.

"ती दूध पीत नाहीये. तू देतोस तो कप कुठला?"

"तिला विचार."

"डेल, ती अडीच वर्षांची आहे!"

"तिला सगळं माहीत आहे. विचार तर खरं." आणि त्यानं फोन ठेवून दिला.

मॉरीननं चार शिव्या हासडल्या. मग फरशीवर मांडी घालून बसली आणि एकेक कप पुढे धरू लागली. सातव्याला लिनीनं रडं थांबवलं आणि तो ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रस तळ्यावर जाऊन आला. म्हणाला, "गळ टाकलेलाच नाही गं त्यानं. खोपी घासूनपुसून लख्ख केलीय. माझी काळी किटली पांढरी झाली! आणि डोळे हे एवढे सुजलेले. मी म्हटलं, अरे, मग जा ना घरी. तर म्हणतो, अजून नाही. मी दिसलो की ती माझ्याकडेच येईल."

त्यानंतर रसनं स्वयंपाकावरून त्याची थट्टा केली नाही. दुसऱ्या कुणाला करूही दिली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डेल परतला. लिनी मॉरीनच्या कडेवर होती. बापाला पाहून हसली, पण उतरली नाही. तिथूनच हुकूम सोडला, "बाबा, बूट काढ!"

डेल म्हणाला, "काढतो, आधी सामान आणतो," आणि पुन्हा बाहेर गेला. सामान म्हणजे एक पिशवी. ती आणायला त्याला बराच वेळ लागला.

मार्चमध्ये मॉरीनचं जहाज निघालं तेव्हा आम्हीही धक्क्यावर गेलो होतो. लिनी "आई, आई" करत इतक्या आकांतानं रडली की शेजारची माणसं वळून बघायला लागली. मी तिला घ्यायला हात पुढे केले.

"राहू दे," डेल म्हणाला. "रडू दे तिला आईसाठी."

त्यानं तिचं नाक पुसलं, टोपी कानांवर ओढली आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत तिला उंच धरून तिथंच उभा राहिला.