व्हय म्हाराजा!

कलिंगड पिकलंय का बघावं तसं समोरच्याच्या पोटाकडे बघत, आपल्या पोटावर दोन टिचक्या मारून ते विचारायचे, "काय, मोकळां झालां?" लग्नात विचारायचे, देवळात विचारायचे. एकदा तर नवऱ्यामुलाच्या बापाला, गळ्यात हार घालता घालता. तुमच्याही वाडीत असा एखादा असेल. नसेल तर तुमची पोटं देवाच्या भरवशावर.

हे धामापुरातले आमचे शेजारी. मी त्यांना भावजी म्हणायची. उभा जन्म कंडक्टर, त्यामुळे माणसांना 'पुढे सरका' सांगायची सवय. तीच पुढे आतड्यांना लागू केली.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती मी मरायला टेकले तेव्हा. नवी नवरी होते. छातीत जळजळ, पोटात कळा. हे हृदयच, असं मी ठरवून टाकलं आणि नवऱ्याला म्हटलं, "दुसरं लग्न करा, पण तिला माझी पैठणी देऊ नका." तो बिचारा रिक्षा बघायला धावला. भावजी आत आले.

"काय खाल्ल्यात, वयनी?"

"काही नाही."

त्यांनी ताटात डोकावलं. "काय नाय खाल्ल्यात, मगे हे बांगड्याचे काटे कोणाचे?"

मी डोळे मिटले. मरणाऱ्या बाईला असले प्रश्न विचारतात?

"बरां, जेवताना सासूक गाळी घातल्यात?"

"मनातल्या मनात."

"थयच चुकलात. उभ्यान जेवलात, चार घासांत जेवलात, आणि वर गाळी गिळल्यात. बसान जेवा. सावकाश चावा. गाळी हात धुतल्यावर घाला."

ओव्याचं पाणी, दोन ढेकर, आणि माझं हृदय बरं झालं. पैठणीही वाचली.

त्यांचं शास्त्र हे एवढंच. रात्री कुळथाची पिठी नाहीतर पेज, जेवल्यावर तलावापर्यंत फेरी, आणि भांडण ताटावर आणायचं नाही. बरेचदा लागू पडायचं. कधी चुकायचंही, माझ्या नणंदेला त्यांनी एवढा त्रिफळा दिला की तिने हळदीकुंकू परसातूनच उरकलं.

आमच्याकडे काही काम काढलं की देवापुढे नारळ ठेवून एकजण मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे दर मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाडीचं गाऱ्हाणं भावजीच घालायचे. "बा देवा म्हाराजा, हेच्या झिलाक नोकरी दी, आणि हेच्या पोटातलो वारो वाटेक लाव!" "व्हय म्हाराजा!" पंगतीत कुणी ढेकर दिली तरी ते ओरडायचे, "मोकळां केलंस रे म्हाराजा!" आणि सगळी पंगत, "व्हय म्हाराजा!"

मग एका वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. विजार कमरेवर थांबेना. एक दिवस त्यांची बायको कुंपणाच्या गडग्यापलीकडून कुजबुजली, "ह्यांका परसाक काळां होता गो. इचारलंय तर म्हणतत, जांभळां खाल्लंय. जांभळीक अजून मोहर पण नाय!"

कुडाळच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे भावजींनी शुद्ध मराठी काढली. "गॅस आहे, डॉक्टर. घरचाच आहे."

डॉक्टर हसले नाहीत. नळी घालून आत बघायला हवं म्हणाले.

घरी येऊन भावजी खुर्चीत रुतले. "गाऱ्हाणां घातल्याशिवाय मी नळी गिळूचंय नाय. आणि आपलां गाऱ्हाणां आपण घालूचां नसता. दुसऱ्या कोणाक तां येणा नाय."

बघा, पळवाट कशी शोधली!

"माका येता," मी म्हटलं.

"बायलमाणसान?"

"माका पोट नाय काय?"

नारळ ठेवला. वाडी जमली. "बा देवा म्हाराजा! ह्या माणसान सगळ्यांची पोटां तपासल्यान आणि आपल्या पोटाचां खोटां सांगल्यान!" "व्हय म्हाराजा!" एवढ्या जोरात त्यांची बायको जन्मात बोलली नव्हती. "नळी आत जाताना तेची जीभ गप ऱ्हवांदे!" "व्हय म्हाराजा!" "आणि आत जां काय सापडात, तां बरां होणारां आसांदे." हे मी भावजींकडे बघून हळूच म्हटलं. 'व्हय म्हाराजा' भावजींनी एकट्यांनीच म्हटलं.

आत व्रण सापडला. बरा होणारा. गुडघ्यासाठी ते रोज उपाशीपोटी दुखण्यावरची गोळी घेत होते, दुकानातून आणून, आमच्यापासून लपवून. डॉक्टर चिडले तर भावजी म्हणाले, "गोळी गुडघ्याची. ती पोटात कशाला थांबेल?"

औषधं घेतली, पेज प्याले, विजार पुन्हा कमरेवर थांबली. टिचक्याही सुरू झाल्या. पुढे काही वर्षांनी एका दुपारी जेवून, तलावापर्यंत फेरी मारून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पोटाची तक्रार नव्हती.

तेराव्याला वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. पंगत खाली मान घालून जेवत होती. तेवढ्यात कुणीतरी दणदणीत ढेकर दिली आणि सगळ्यांचे हात ताटावर थांबले. त्यांच्या बायकोने हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघितलं.

मी घास सावकाश चावला. गिळला. मग म्हटलं, "मोकळां केलंस रे म्हाराजा!"