करडं विमान

आमचे हे मालगाडी चालवतात. काचीगुड्याला स्टेशनच्या मागेच आमचं घर. दोन वर्षांपूर्वी यांचा खोकला हटेना आणि तपासणीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, तोवर रजा. शेजारी आम्ही न्युमोनिया सांगितलं. टीबी म्हटलं की लोक चहाचा कपसुद्धा वेगळा काढतात, मला माहीत आहे.

इंजिनावरचा माणूस घरात बसला की घराची परेशानी. फोडणीत हिंग आधी का मोहरी आधी, यावर मला शिकवायला लागले, तेव्हा मीच म्हटलं, "अहो, तुमचं ते विमान काढा बरं बाहेर." लग्नाआधीपासून यांना प्लास्टिकची छोटी विमानं जोडायचा नाद. कपाटावर जुन्या लढायांतली सात-आठ आहेत, हिरवी-तपकिरी. धूळ मी पुसायची. आता काढलेलं सुट्या भागांचं किट मात्र आजकालच्या लढाऊ जेटचं होतं, वीतभर लांब. प्रत्येक तुकडा आधी ग्लू न लावता बसवून बघायचा, फट दिसली की पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा बसवायचं, मगच चिकटवायचं. एका पंखाला चार दिवस. खिडकी उघडा, आधीच छाती खराब, त्यात तो वास, म्हणून मी रोज ओरडायची आणि हे रोज अर्धीच उघडायचे.

ते जेट मेलं सगळंच करडं. वरून एक करडा, पोटाला दुसरा, नाकाला तिसरा. मी म्हटलं, "याच्यापेक्षा आपला कुकर रंगीत आहे." हे हसले. आज वाटतं, ते विमान हिरवं-तपकिरी असतं तर गोष्ट महिनाभर आधी उघडी पडली असती. करड्यात काय कळणार, कप्पाळ.

इंजिनात एक शिस्त असते. चालक सिग्नल बघून रंग मोठ्याने म्हणतो आणि शेजारचा सहायक तोच रंग परत म्हणतो, म्हणजे दोघांनीही बघितला हे पक्कं. यांना ती सवय स्कूटरवरही. नारायणगुड्याच्या चौकात हे म्हणणार "लाल", मागे बसून मी म्हणायचं "लाल". बाजूचे रिक्षावाले बघतात, पण मी नाही म्हटलं तर हे स्कूटर हलवत नाहीत. पाचव्या महिन्यात हे गप्प राहायला लागले. मी "हिरवा" म्हटलं की मग हे "हिरवा" म्हणायचे आणि गाडी काढायचे. मला वाटलं, इतक्या वर्षांनी मला बढती मिळाली. वेडी मी. खूशच झाले होते.

मग एका सकाळी यांनी हाक मारली. विमान पूर्ण झालं होतं. पंखांच्या टोकांना मोहरीएवढे दिवे असतात, डाव्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा. खऱ्या विमानालाही तसेच, हे यांनीच मला शिकवलेलं. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर दोन्ही रंगांचे थेंब काढलेले होते.

"अहो, दोन्हीकडे लालच लावलात की."

"हौ, तुझं लक्ष आहे का बघत होतो," हे म्हणाले. मग विमान खिडकीपाशी नेलं, डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं. आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "खरंच?"



दुपारी हे झोपल्यावर मी टीबीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, गोळ्यांमधलं एक औषध क्वचित डोळ्यांच्या नसेवर जातं, आणि लाल-हिरवा आधी जातो. ते आजपासून बंद. लवकर बंद केलं तर नजर बहुतेक परत येते, उशीर झाला तर सांगता येत नाही. "पण हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "रंग फिके वाटले की त्याच दिवशी या म्हणून."

म्हणजे यांना माहीत होतं. घरी येऊन मी फार बोलले. एवढी आयुष्यात बोलले नव्हते. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सोमवारी रुजू होण्याआधीची डोळ्यांची तपासणी आहे. नापास झालो तर इंजिन गेलं. ऑफिसात रजिस्टर भरत बसवतील. मी टेबलावर मरून जाईन गं. रंग येतील परत."

"आणि नाही आले, अन् गाडीखाली कुणी आलं तर?"

 हे ब्रश धुवायला उठून गेले.

त्यानंतर हे बाथरूममध्ये पुटपुटायला लागले. बारा, आठ, सहा, एकोणतीस. मला वाटलं जप करतात. किटच्या खोक्यात तेच आकडे लिहिलेला कागद सापडला, पान एक, पान दोन, असे ओळीने. रंग तपासायचं एक पुस्तक असतं, पानापानावर रंगीत ठिपके आणि ठिपक्यांत आकडा, रंग कळले तरच दिसणारा; काही पानं मात्र बिनआकड्याची, कोरी. मोबाइलवर शोधून यांनी सगळं पुस्तक पाठ केलं होतं. हा माणूस ट्रॅफिकचा दंडसुद्धा कधी न भरलेला, इतका नियमाचा. मी कागद होता तसा ठेवला. तीन दिवस घास गिळवत नव्हता. नवऱ्याचं अन्न काढून घ्यायचं का फाटकात उभ्या असलेल्या कुणाचा तरी जीव, असं ते होतं, आणि विचारायचं कुणाला?

सोमवारी सिकंदराबादला रेल्वेच्या दवाखान्यात मीही गेले. यांना आधी बीपी मोजायला आत बोलावलं. तेवढ्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले.  म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पुस्तकाची पानं ओळीने दाखवू नका." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

हे आले, ताठ बसले. मी दारातच उभी राहिले. डॉक्टरांनी पुस्तक मधूनच उघडलं.

"बारा," हे म्हणाले.

डॉक्टरांनी आणखी मागचं एक पान काढलं. यांनी ते कितीतरी वेळ बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. यांना कळलं होतं. राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

"हे पान कोरं आहे," हे म्हणाले, आणि पुस्तक थोडं माझ्याकडे वळवलं. "कोरंच आहे ना गं?"

दारातूनही मला ठिपक्यांत चौऱ्याहत्तर स्वच्छ दिसत होतं. "नाही," मी म्हटलं.